परस्थान ठेवल्यावर

४ नोव्हेंबर १९५९

नोकरीत होतो तेव्हा रोज लिहायचो. अमुक गाडी, इतके डबे, ब्रेक तपासले, खडूची खूण केली, खाली सही. घाट उतरणारी गाडी लोणावळ्याला थांबायची आणि आम्ही फिटर लोक चाकांशी वाकून बघितल्याशिवाय ती पुढे जायची नाही, मग आत लाटसाहेब बसलेला असो. रिटायर झालो तरी हात शिवशिवतो. म्हणून आजपासून ही वही. कारणही तसंच घडलंय.

मोंबासाहून जावयांचं पत्र आलं आणि पत्रात आगबोटीची दोन तिकिटं! मी आणि विठा आफ्रिकेला जाणार. आमच्या कुरवंडे गावची माणसं घाट उतरून कोकणात गेली, मुंबईला गेली, पण समुद्रापलीकडे कोणी गेल्याचं मी ऐकलं नाही. सकाळपासून तिकिटं कोणाकोणाला दाखवली. शेवटी विठा म्हणाली, "ठेवा आता ती, घामानं भिजून अक्षरं जात्याली."

शकू आमची एकुलती एक. लग्न करून गेली ती गेलीच. जावई तिकडे रेल्वेच्या हापिसात. दोन बाळंतपणं तिकडेच झाली, परक्या नर्सांच्या हातची. आता तिसरं, जानेवारीच्या सुरुवातीला. विठाने पत्र माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं आणि म्हणाली, "साऱ्या कुरवंड्याची पोरं माज्या पायांवर न्हाली. माज्या पोरीचीच तेवडी ऱ्हायली. हे तिसरं मी न्हाऊ घालनार. मग पुढं काय व्हायचं ते हू दे."

खोटं नाही. गावात बाळ झालं की विठाला बोलावणं ठरलेलं. पाटावर बसून पाय लांब करते, पोराला नडगीवर पालथं घालते, तेल चोळते, ऊन पाणी घालते. कितीही किरकिरं पोर असो, नंतर ढाराढूर झोपतं.

पत्राच्या शेवटी जावई लिहितात की तिकिटात विमा धरलेला नाही, वेगळा काढायचा का ते तिथे चौकशी करून ठरवा, इकडे दवाखाना फार महाग पडतो. ठरवायचं काय त्यात? काढायचाच. ब्रेक बघितल्याशिवाय मी मालगाडी सोडली नाही, बायकोला समुद्रात तशीच सोडीन काय!

७ नोव्हेंबर

वराळ्याहून निवृत्ती आला. माझ्या मावसबहिणीचा मुलगा, विम्याची कामं करतो. उन्हात कोट घालून चढ चढला, ओटीवर टेकला तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. पाणी प्यायल्यावर मात्र थांबेना.

तिकिटाच्या पाठीवर मुंग्यांसारखं बारीक इंग्रजी छापलंय, ते त्याने वाचून दाखवलं. म्हणाला, "मामा, ह्याचा अर्थ एवढाच, की माणूस आजारी पडो, पाय मोडो, ट्रंक हरवो, बोटवाल्यांचा काही संबंध नाही."

"मग त्यांचा संबंध कशाशी?"

"तुम्हाला बोटीत चढवण्याशी."

वेगळा विमा काढला तर बोटीवरचं आणि परदेशातलं दुखणं, अपघात, सगळं विमा कंपनी बघते. जायच्या आदल्या दिवशी आजारी पडून जाणंच रद्द झालं तरी भरपाई देते. मला हे फार पटलं. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला फक्त डॉक्टरची तपासणी लागते. छाती, नाडी वगैरे.

विठा चहा घेऊन येत होती. तिथेच थबकली. "माज्या छातीत काय बघायचंय डागदरला? मला काय धाड भरलीया?" कपबशा ठेवल्या आणि गोठ्यात गेली ती बराच वेळ आलीच नाही. म्हशीला एवढं काय सांगत होती देव जाणे.

निवृत्ती म्हणाला, "मामी लाजल्या."

मी म्हटलं, लाजत नाही, भिते. विम्याचं नाव काढलं म्हणजे मरणाला आवतण दिलं असं वाटतं ह्या लोकांना. समजूत घालीन मी. आजवर मी मनात धरलं आणि झालं नाही असं काही नाही.

११ नोव्हेंबर

समजूत घातली, म्हणजे ओरडलो. सकाळी तिला घेऊन लोणावळ्याला निघालो. उताराची वाट, तरी बाईसाहेब जागोजाग बसतात. एकदा पायात काटा गेला म्हणून. एकदा चपलेचा अंगठा तुटल्यासारखा वाटला म्हणून. मग भुशीच्या धरणाच्या फाट्याशी बसली, का, तर "जरा पानी बघते." ह्या बाईने भुशीचं पाणी आयुष्यात बघितलं नाही जणू!

डॉक्टरच्या दारात पोचलो तर कंपाउंडर म्हणतो, "या मावशी, पुन्हा आलात?" ही बाळंतिणींना घेऊन सारखी येते, तेव्हा ओळख असणारच. मी माझं नाव सांगायला आत वळलो आणि मागे बघतो तर ही गायब. कंपाउंडर म्हणाला, "बाजारातल्या अंबूबाईंकडे नातवाला न्हाऊ घालायला गेल्या, म्हणाल्या उशीर होईल." आता ह्याला काय म्हणावं? नातवाची आंघोळ उद्या झाली असती तर नातू काळा पडला असता काय?

मला तपासलं. डॉक्टर म्हणाले, छाती तिशीतल्या माणसासारखी आहे. दाखला दिला. मग चष्मा काढून पुसत बसले आणि म्हणाले, "विठाबाईंना घेऊन या. मला तुमच्या दोघांशी एकत्र बोलायचंय." मी म्हटलं, आणतो, बांधून आणतो. ते हसले नाहीत. कामाचा ताण असतो त्यांना.

१६ नोव्हेंबर

भाताची झोडणी झाली. आंबेमोहोराचा वास सगळ्या आळीत सुटलाय. दरवर्षी विठा बायांच्या पुढे उभी राहून पेंढ्या आपटते. यंदा खळ्याच्या कडेला पोत्यावर बसून नुसते हुकूम सोडत होती. परदेशी जाणारी बाई, रुबाब आलाय, असं मी सगळ्यांसमोर बोललो. बाया हसल्या. पुतळाबाई तेवढी हसली नाही. पुतळाबाई लोणावळ्याच्या वाटेवर टेकाडावर असलेल्या ठाकरवाडीतली, बारकूची बायको, विठाची लग्न झाल्यापासूनची मैत्रीण.

आणखी एक नवं खूळ. मला भाकरी शिकवतेय! "परातीत पीठ मळा. आता गोळा थापा. आवो, हळू, रूळ न्हाई तो." मी विचारलं, म्हातारपणी हे कशाला? तर म्हणते, "तिकडं मी बाळंतिनीच्या खोलीत, तुमाला जेवाय कोन घालील?" माझी पहिली भाकरी म्हशीने खाल्ली. दुसरी तिनेही हुंगून सोडली.

झोप धड नाही तिची. उशी भिंतीला टेकवून बसल्या बसल्या डोळा लावते. बोटीच्या विचाराने असं होत असणार. मी तर मजेत झोपतो.

२१ नोव्हेंबर

मुंबईला जाऊन आलो. परदेशी जायला देवीची लस आणि आणखी एक सुई लागते, त्याचे दाखले घ्यायचे होते. रांगेत एक धट्टाकट्टा पंजाबी सुई बघून खुर्चीवर कोसळला. विठाने मात्र दंड पुढे केला आणि हूं की चूं नाही. वर सुईवाल्याला म्हणते, "झालं एवड्यात?"

परतीच्या गाडीत मी तिला पकडलं. "सुईला भीत नाहीस, मग डॉक्टरच्या नळीला का भितेस? ती तर टोचतही नाही."

खिडकीबाहेर बघत राहिली. म्हणाली, "टोचती. तुमाला न्हाई कळायचं."

माझं डोकं फिरलं, पण डब्यात माणसं होती. लोणावळ्याला उतरलो तर नोकरीतला जुना जोडीदार कंदील घेऊन एका मालगाडीच्या चाकांशी वाकलेला. मी विठाला म्हटलं, बघ, असं असतं. एक माणूस वाकून बघतो म्हणून बाकीचे झोपून जातात. ती म्हणाली, "आनि ब्रेक खराब निगाला तर?" मी म्हटलं, तर गाडी सोडत नाही, डबा काढून साइडिंगला, बाजूच्या बंद रुळावर टाकतो. स्टेशनातून बाहेर पडेपर्यंत माझं मनगट धरून होती. चारचौघांत असं कधी करत नाही.

२९ नोव्हेंबर

निवृत्ती पुन्हा आला. मामीच्या दाखल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही आणि दिवस हातातून चाललेत. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मामा, तळेगावकडे माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत. माणूस न बघता सही देतात. मामींना यायलाही नको."

नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. म्हटलं, "निवृत्ती, तू पोरगा चांगला आहेस म्हणून तुला चहा देतोय. चाकाशी न वाकता खडूची खूण मी कधी केली नाही, आणि माझ्या घरच्या माणसावर कोणाला करू देणार नाही. तपासायचं तर खरं तपासायचं. आणि त्यात काही निघालं तर जाणं रद्द, उपचार आधी. सरळ हिशेब आहे."

चांगलं सुनावलं असं वाटलं. विठा दाराआड उभी होती, तिनेही ऐकलं असेल. बरंच झालं. रात्री जेवताना तिने ताटात बोटं फिरवली फक्त. मी माझ्या हातची भाकरी वाढली होती म्हणून असेल.

३ डिसेंबर, गुरुवार

हिने कमाल केली!

आमच्याकडे जुनी चाल आहे. लांबच्या प्रवासाला मुहूर्त एका दिवशी आणि निघणं दुसऱ्या दिवशी असलं, की मुहूर्ताला परस्थान ठेवतात. म्हणजे अंगावरचं एखादं वस्त्र, मूठभर तांदूळ आणि सुपारी गाठोड्यात बांधून शिवेबाहेर जायच्या वाटेवरच्या कोणाच्या तरी घरी ठेवायचं. ते तिथे गेलं म्हणजे माणूस निघाला. पुढे निघायच्या दिवशी वाटेत ते गाठोडं उचलायचं आणि चालू लागायचं. एकदा ठेवलं की मागे फिरायचं नाही. फिरलं तर मोठा अपशकुन.

बोट आहे बाराला. गुरवाने हिला आजचा मुहूर्त काढून दिला आणि मी बाजारात गेलेला बघून ही स्वतः चढ चढून पुतळाबाईच्या घरी परस्थान ठेवून आली! नुसतं एकटीचं. स्वतःचं लुगडं. मला विचारलं नाही, सांगितलं नाही.

मी म्हटलं, "उद्या डॉक्टरकडे जायचं ठरलंय."

"मी आता कुटं हाय हितं? मी निगाले. निगालेल्या मानसाला मागं बोलवून तपासत न्हाईत."

"विठा, हा पोरखेळ आहे."

"आसंल."

"मी येणार नाही मग. एकटी जाशील?"

"जाईन." आणि माझ्याकडे सरळ बघितलं. इतकी वर्षं झाली लग्नाला, अशी नजर मी बघितली नव्हती. "तुमी आला तर माज्यावर उपकार हुतील. पन न्हाई आला तरी मी जाईन."

मी डोक्यात राख घालून बाहेर पडलो. मारुतीच्या पारावर बसलो, थंडीने कुडकुडलो आणि परत आलो. ती लहानग्याची कुंची शिवत बसली होती. तिच्याच जुन्या लुगड्याची.

६ डिसेंबर

हे आज नीट लिहायचं आहे.

माझा बेत असा होता, की ठाकरवाडीत जायचं, गाठोडं उचलायचं आणि घरी आणायचं. परस्थान मोडलं की हिला मुहूर्ताचं निमित्त उरणार नाही, मग डॉक्टर, मग विमा, मग बोट. रागारागात वाडीचा चढ एका दमात चढलो.

पुतळाबाई अंगणात नाचणी पाखडत होती. मी गाठोडं मागितलं. ती उठून दारात आडवी उभी राहिली. "न्हाई देनार, भाऊ."

"पुतळाबाई, बाजूला हो."

"तुमी थोरले हाय, तुमाला कसं सांगू? पन न्हाई देनार. ते हितवर आनाय वैनीला किती येळ लागला, ठावं हाय का तुमाला? पार खालच्या जांबळीपासनं बसत बसत आली. दोन पावलं टाकायची आनि बसायचं. मी बघितलं तवा व्हट निळं पडल्यालं. मी म्हनले, मी आले आसते न्यायाला. तर म्हनली, परस्थान आपल्याच पायानं ठेवाय लागतं."

मी म्हटलं, "ओठ निळे?"

तिने सुपलं खाली ठेवलं. मग तिनेच मला धरून ओट्यावर बसवलं.

सगळं तिच्याकडून कळलं. शिमग्यापासून चाललंय. लोणावळ्याच्या डॉक्टरकडे ही दोनदा गेली, पुतळाबाईला बरोबर घेऊन. मला बाळंतिणीचं नाव सांगून. काळजातलं दार नीट मिटत नाही म्हणे. चढ नको, ओझं नको, प्रवास तर नकोच. "वैनीनं त्याला इचारलं, घरात बसून ऱ्हायले तर बरी हुईन का? डागदर गप बसला. मग ती म्हनली, मंजे न्हाई. मग मी बसून का ऱ्हाऊ? आनि मला पदराची शपथ घातली, तुमाला सांगायचं न्हाई. म्हनली, त्यास्नी कळलं तर मला साइडिंगला टाकतील. मला त्ये काय आसतं ठावं न्हाई भाऊ, पन ती रडली."

मग एकेक आठवत गेलं. भुशीचं पाणी, भिंतीला टेकवलेली उशी, पोत्यावर बसून सोडलेले हुकूम. भाकरी. देवा रे, भाकरी!

आयुष्यभर चाकं बघत फिरलो. घरात काय चाललंय ते दिसलं नाही. मोठा तपासणारा!

रागही आला, खोटं कशाला लिहू. माझ्यापासून लपवते? पण सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? तेच, जे निवृत्तीसमोर छाती पुढे काढून बोललो. काही निघालं तर जाणं रद्द. ती दाराआड उभी राहून ऐकत होती आणि मला वाटलं, चांगलं सुनावलं. विमा काढायचा म्हणजे तपासणी. तपासणी झाली म्हणजे दाखला नाही, आणि मग शकू नाही, बाळ नाही, नुसती ओटी आणि म्हैस आणि भिंतीला टेकलेली उशी. आणि विम्याशिवाय न्यायची म्हणजे समुद्रात तिला काही झालं तर मी कोणाकडे बघणार?

पुतळाबाईने गुळाचा खडा आणि पाणी दिलं. मी म्हटलं, "गाठोडं बाहेर आण."

ती हलेना.

"नेत नाही. आण."

आणलं. हिरव्या लुगड्याचं, नीट गाठ मारलेलं. मी गाठ सोडली. तांदूळ, सुपारी आणि एवढीशी तेलाची बाटली. बाळाला चोळायचं तेल. मी डोक्यावरची टोपी काढली, लुगड्याच्या घडीत ठेवली आणि गाठ पुन्हा बांधली. माझ्याच्याने गाठ नीट बसेना, पुतळाबाईने बांधली. ती डोळे पुसत होती. मीही काही कोरडा नव्हतो.

घरी आलो तेव्हा विठा अंगणात होती. बोडक्या डोक्याने मी घराबाहेर पडत नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे.

म्हणाली, "टोपी कुटं?"

म्हटलं, "पुढं गेली."

ती उभी होती तिथेच खाली बसली. तोंडावर पदर घेतला. मी म्हशीला पाणी दाखवायला गेलो. मलाही म्हशीला बरंच सांगायचं होतं.

७ डिसेंबर

पहाटे उठून एकटा डॉक्टरकडे गेलो. म्हटलं, मला माहीत आहे, आता लपवू नका. त्यांनी सांगितलं. मी विचारलं, नेली तर? म्हणाले, धोका आहे. विचारलं, नाही नेली तर? म्हणाले, तोही आहे, फक्त इथे आहे. मग मला रागावले, मग गोळ्या लिहून दिल्या, त्या कधी द्यायच्या ते सांगितलं, बोटीवरच्या डॉक्टरसाठी चिठ्ठी दिली. मीठ कमी, चढणं-उतरणं नको. मी सगळं पाठ केलं.

जावयांना तार केली, तळमजल्यावर झोपायची सोय करा म्हणून. गुडघ्याचं कारण दिलं. माझ्या गुडघ्याचं.

नोकरीत एकदा अशीच वेळ आली होती. ब्रेक पुरा नव्हता आणि गाडी खाली नेणं भाग होतं. तेव्हा माणसं हाताचा ब्रेक धरून डब्यात बसली आणि गाडी पायाने चालावी इतकी हळू उतरवली. आता मी हाताचा ब्रेक धरून बसणार.

८ डिसेंबर

निवृत्ती कोट घालून हजर. म्हटलं, बाबा, विमा काढायचा नाही.

"अहो मामा, महिनाभर तुम्हीच माझ्या मागे लागला होता! काय झालं?"

"परस्थान ठेवलंय. आम्ही निघालो. निघालेल्या माणसांचा विमा निघतो का?"

"तुम्ही तर ओट्यावर बसलाय!"

"दिसतो तसा."

"मामा, तुम्ही असल्या गोष्टी मानता? तुम्ही?"

"मानतो. परवापासून."

बिचारा फार समजावत होता. निदान तुमचा एकट्याचा काढा, दाखला तयार आहे. तेही खरं होतं. पण मी सुरक्षित आणि ती तशीच, हे मला शोभलं नसतं. नाही म्हटलं. तो उठता उठता म्हणाला, "उद्या काही झालं तर मला बोल लावू नका."

"तुला कशाला लावीन? माझा मी आहे ना."

आत भांडं वाजलं. मग विठाचा आवाज, "निवृत्ती, जेवून जा रं. तुज्या मामाच्या हातची भाकरी खा."

जेवला. भाकरीला नाव ठेवलं नाही. विम्याची कामं करणारा माणूस, धोका पत्करायची सवय नसते.

१२ डिसेंबर

बारकूच्या बैलगाडीतून निघालो. मीच हट्ट धरला, म्हटलं माझा गुडघा धरलाय. विठा म्हणाली, "कालपातुर तर बरा हुता." मी म्हटलं, "लपवत होतो." ती माझ्याकडे बघतच राहिली. मग सरकून माझ्यासाठी जागा केली.

वाडीजवळ गाठोडं घेतलं, टोपी घातली. पुतळाबाई विठाच्या गळ्यात पडली, सुटेना. म्हैस आता तिच्याकडे. लोणावळ्याला आमच्या गाडीचे ब्रेक तपासले. बंदरावर एका डॉक्टरने सुईचे दाखले बघितले, डोळ्याची पापणी ओढली आणि जा म्हणाला. बोटीच्या जिन्यावर मी हळूहळू चढलो, गुडघ्याला हात लावून कण्हत, म्हणजे तिला माझ्यासाठी थांबता येईल.

१७ डिसेंबर

समुद्र! चहूकडे तेच. मला दोन दिवस उलट्या, विठाला काही नाही. डेकवर सावलीत बसते आणि मला लिंबू चोखायला देते. एका गुजराती बाईचं तान्हं पोर सारखं रडायचं. काल विठाने मागून घेतलं आणि नुसतं मांडीवर उताणं घालून पोटावरून हात फिरवला. झोपलं. आता ती बाई दिवसभर इथेच असते. एकमेकींची भाषा येत नाही, तरी दोघींचं चाललेलं असतं.

बोटीच्या डॉक्टरला चिठ्ठी दिली. भला माणूस. रोज संध्याकाळी सहज आल्यासारखा येतो आणि तिची नाडी बघून जातो. ती म्हणते, "ह्यो डागदर बरा. नळी लावत न्हाई." गोळ्या मी तिला ताकदीच्या म्हणून देतो. ती मुकाट घेते. ताकदीच्या गोळ्या मी का घेत नाही, असं एकदाही विचारलेलं नाही.

६ जानेवारी १९६०, मोंबासा

मुलगी झाली. तीन दिवसांनी काल शकूला घरी सोडलं. थोरली दोन पोरं विठाचा पदर सोडत नाहीत. जावयांनी आल्या आल्या विचारलं होतं, "विमा काढला ना मामा?" मी म्हटलं, "मोठी गोष्ट आहे, सांगतो सवडीने." अजून सवड झालेली नाही.

आज सकाळी पहिली आंघोळ. बाळंतिणीच्या न्हाणीत पुरुषांचं काय काम, म्हणून मी बाहेर खुर्ची टाकून बसलो होतो. आत पाट ठेवल्याचा आवाज आला. शकू काहीतरी म्हणाली, विठा हसली. गाठोड्यातल्या तेलाचा वास आला, आपल्या घरचा. मग बराच वेळ आवाज नाही. मी खुर्चीच्या कडेला सरकून बसलो.

"अवो."

मी दारात गेलो. विठा पाय लांब करून बसली होती. दोन्ही नडग्यांवर ती एवढीशी तांबडी पोरगी पालथी. विठाच्या कपाळावर घाम, श्वास वरचेवर. पण हात पोरीच्या पाठीवर ठाम होता.

"जरा हिकडं या. तांब्या उचलंना मला."

एवढ्या महिन्यांत तिने हे पहिल्यांदा तोंडाने म्हटलं. कधीपासून, असं मी विचारलं नाही. शकू उठायला लागली, तिला म्हटलं, बस तू. धोतर खोचून खाली बसलो. पाण्यात कोपर घालून बघितलं, ती सांगत होती तसं.

"हळू वता. मानंवरनं. एकदम न्हाई."

ओतलं. तिने चोळलं, मी ओतलं. तिने पोरीला उलटं केलं, मी ओतलं. पोरगी सगळा बंगला डोक्यावर घेऊन रडली. विठा म्हणाली, "बगा, छाती कशी खनखनीत हाय."

म्हटलं, "दाखला देऊ का?"

"द्या की," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. मी तांब्या पुन्हा भरून घेतला.